एकाच माणसाच्या हाती दोन फायली येण्याची वाट पाहू नका: सांगलीत विमा फसवणुकीविरुद्ध एकत्र काम कसं उभारायचं

विश्रामबागेतल्या एका गॅरेजमध्ये मी एका पांढऱ्या मोटारीचा सर्व्हे करत होतो. डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे चेपलेले, मागच्या काचेवर 'चांगभलं' लिहिलेला अर्धा फाटका स्टिकर. तो स्टिकर आधी कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. घरी येऊन जुने फोटो काढले. साधारण वर्षापूर्वी दुसऱ्या एका कंपनीसाठी हीच गाडी, हेच दरवाजे आणि हाच चेप मीच तपासला होता. त्या कंपनीनं पैसे दिले होते. मालकानं दुरुस्ती केलीच नाही. नूतनीकरणाच्या वेळी पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेली, आणि पॉलिसीत खंड न पडल्यामुळे नव्या कंपनीनं गाडीची पाहणी केली नाही. मग तोच चेप नव्या अपघाताचा म्हणून पुढे आला.

दोन्ही फायली एकाच सर्वेयरच्या, म्हणजे विमा कंपन्यांसाठी नुकसान तपासणाऱ्या माझ्याच हाती पडल्या म्हणून हे उघडं पडलं. दुसरी फाइल दुसऱ्याकडे गेली असती तर कुणालाच कळलं नसतं. दोन्ही कंपन्यांची ऑफिसं एकमेकांपासून चालत पाच मिनिटांवर होती, तरीही.

बोगस क्लेम करणाऱ्याची खरी ताकद त्याच्या हुशारीत नसते. प्रत्येक कंपनीला फक्त आपल्या टेबलावरचा कागद दिसतो, ही गोष्ट त्याला ठाऊक असते. एका कंपनीला तो एक फ्रॅक्चर वाटतो, पाच कंपन्यांचे कागद शेजारी ठेवले तर तो धंदा दिसतो. म्हणून हा लेख शाखाधिकारी, क्लेम विभागातले लोक, सर्वेयर, तपासनीस, टीपीएचे (कंपन्यांच्या वतीनं आरोग्य क्लेम हाताळणाऱ्या संस्थांचे) प्रतिनिधी, रुग्णालयांचे बिलिंग विभाग आणि विमा एजंट यांच्यासाठी लिहितो आहे. उदाहरणं सांगली जिल्ह्यातली आहेत. साताऱ्यात, कऱ्हाडात हेच करायचं तर गावांची नावं बदलावी लागतील, पायऱ्या याच राहतील.

पायरी १ : आधी मुख्यालयाचं पत्र, मग बैठक

उत्साहाच्या भरात बहुतेक जण व्हॉट्सॲप ग्रुप काढून सुरुवात करतात. ते करू नका. सुरुवात परवानगीपासून करा.

विमा नियामक आयआरडीएआयनं फसवणूक देखरेखीची पहिली चौकट २०१३ मध्ये घालून दिली. तिच्या जागी २०२५ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली, ती १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्यानुसार प्रत्येक कंपनीत फसवणुकीवर लक्ष ठेवणारी समिती आणि तिच्या हाताखाली वेगळा विभाग असला पाहिजे. शाखेतून दुसऱ्या कंपनीला कोणतीही माहिती जायची असेल तर ती या विभागाच्या संमतीनंच. शाखाधिकाऱ्यानं त्यांना दोन परिच्छेदांचं पत्र लिहावं: जिल्ह्यात समन्वय गट करतो आहोत, त्यात अमुक प्रकारची माहिती विचारली आणि दिली जाईल, आमच्या शाखेतर्फे अमुक अधिकारी बसेल. लेखी होकार येईपर्यंत त्या शाखेनं बैठकीत फक्त ऐकायला बसावं.

पहिल्या बैठकीला दहा माणसं पुरेत. सर्वसाधारण विम्याच्या तीन-चार कंपन्यांचे क्लेम अधिकारी, जीवन विम्याचे दोघं, फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीचा एक, टीपीएचा एक, एक ज्येष्ठ सर्वेयर, एजंटांच्या संघटनेचा एक. चाळीस जण बोलावले की भाषणं होतात, काम होत नाही. रुग्णालयांचे आणि गॅरेजचे प्रतिनिधी तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून आणा, आणि त्यांना आरोपीसारखं समोर बसवू नका. खोट्या बिलांनी त्यांच्या प्रामाणिक बिलांचेही पैसे अडकतात, हे त्यांनाच सगळ्यांत चांगलं माहीत असतं.

सहकारी बँका आणि पतसंस्थांना विसरू नका. सांगलीत कर्जासोबत विमा विकला जाण्याचं प्रमाण मोठं आहे. त्या विम्याची कागदपत्रं शाखेच्या कपाटात पडून असतात आणि कुणी पाहत नाही.

जागा कोणत्याही एका कंपनीच्या केबिनमध्ये नको. एखाद्या महाविद्यालयाचा वर्ग किंवा व्यापारी संघटनेचा हॉल बरा. इतिवृत्ताच्या पहिल्याच ओळीत लिहा की या बैठकीत प्रीमियमचे दर, कमिशन किंवा रुग्णालयांना द्यायचे दर यांवर चर्चा होणार नाही. स्पर्धक कंपन्यांनी दरांविषयी एकत्र बोलणं स्पर्धा कायद्यात अडकू शकतं. चांगल्या हेतूनं जमलेला गट तेवढ्यानं गोत्यात येऊ नये.

हे काही नवलाचं नाही. इंग्लंडमध्ये विमा कंपन्यांनी २००६ मध्ये मिळून फसवणूकविरोधी ब्युरो उभा केला. २०१२ मध्ये लंडन सिटी पोलिसांत उद्योगाच्या पैशावर चालणारं खास पथकही आलं. माहितीची देवाणघेवाण त्यांच्याकडून जरूर घ्यावी. पोलिसांना कंपन्यांनी पैसे पुरवण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नको, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याचा क्लेम अडला आहे त्याला पोलिस आपलेही वाटले पाहिजेत.

पायरी २ : आपल्या जिल्ह्याचा नकाशा काढा

एका मोठ्या कागदावर जिल्ह्याचा नकाशा काढा आणि कुठे काय होतं ते सगळ्यांनी मिळून भरा. हा तास वाया जात नाही. प्रत्येकाला आपला कोपरा माहीत असतो, पूर्ण चित्र कुणालाच नसतं.

मिरजेपासून सुरू करा. १८९४ मध्ये वॉनलेस रुग्णालय सुरू झालं तेव्हापासून मिरज हे उपचारांचं गाव आहे. उत्तर कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून लोक येतात. जिथे रुग्ण जास्त तिथे क्लेम जास्त, यात गैर काही नाही, आणि बहुतेक रुग्णालयं चोख आहेत. पण थोड्या ठिकाणी ठरावीक प्रकार दिसतो: ओपीडीत गोळ्या देऊन घरी पाठवण्याजोगा ताप तीन दिवस दाखल दाखवायचा. दाखल असलेल्या दिवसाला ठरावीक रोख रक्कम देणाऱ्या पॉलिसी एकाच माणसानं चार कंपन्यांकडे काढायच्या आणि एकाच केसपेपरवर चार क्लेम करायचे. यातली बारकी गोष्ट लक्षात ठेवा: चार पॉलिसी असणं हा गुन्हा नाही. अशा पॉलिसीत चारही कंपन्यांकडून पैसे घेणंही कायदेशीर असू शकतं. प्रश्न फक्त एवढाच, की माणूस खरोखर दाखल होता का, आणि प्रस्ताव भरताना विचारलेली बाकीच्या पॉलिसींची माहिती त्यानं दिली होती का.

दुसरा कोपरा रस्त्यांचा. पुणे-बंगळूर महामार्गावरचा कासेगाव-पेठ नाका पट्टा, मिरज-पंढरपूर रस्ता, तासगाव-विटा रस्ता. इथे सर्वांत त्रासदायक प्रकार म्हणजे वाहन बदलणं. धडक देणाऱ्या गाडीचा विमा नसतो किंवा गाडी सापडतच नाही, मग काही आठवड्यांनी विमा असलेली ओळखीची दुचाकी कागदावर पुढे येते. मृताच्या घरच्यांना बहुतेक वेळा कुणीतरी तिसराच सल्ला देतो आणि नुकसानभरपाईतला वाटाही तोच घेतो. या घरांविषयी बोलताना आवाज खाली असावा. त्यांचा माणूस खरंच गेलेला असतो. त्यांना हेही कुणी सांगितलेलं नसतं की न सापडलेल्या वाहनाच्या अपघातासाठी केंद्राच्या योजनेत एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज भरायला मदत करणं हेही फसवणूक रोखण्याचंच काम आहे. माझ्या मते ते सर्वांत स्वस्त काम आहे.

ही साखळी किती मोठी होऊ शकते ते उत्तर प्रदेशात दिसलं. तिथल्या बनावट अपघात-क्लेमांच्या तपासासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या आदेशानं विशेष तपास पथक नेमावं लागलं, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुंतलेल्या वकिलांवरच्या कारवाईबाबत तिथल्या बार कौन्सिललाही जाब विचारला.

तिसरा कोपरा शेतीचा. १ रुपयातला पीक विमा राज्यात २०२३ च्या खरिपापासून आला आणि बोगस अर्जांच्या तक्रारींनंतर २०२५ मध्ये थांबला. आता शेतकऱ्याला खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत हिस्सा भरावा लागतो. भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडलेल्या प्लॉटवरचं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर ठरते. यामुळे फसवणुकीची जागाही बदलली, हे गटानं ओळखायला हवं. आधी ती अर्ज भरण्याच्या केंद्रावर होती: दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर, देवस्थानाच्या किंवा सरकारी जमिनीवर, नसलेल्या पिकावर अर्ज. आता कापणी प्रयोगाच्या प्लॉटची निवड, वजन आणि नोंद या तीन क्षणी डोळे हवेत. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत या तालुक्यांत फळपीक विम्यात द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागेचं क्षेत्र आणि वय यांची खात्री महत्त्वाची. ई-पीक पाहणीची नोंद, ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आणि बागेचा जिओटॅग फोटो हे तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते पाहायचं. जुळत नसतील तर आधी शेतकऱ्याला विचारा. नोंद करणाऱ्याची चूक निघण्याची शक्यता बरीच असते.

चौथा कोपरा पुराचा. २००५, २०१९, २०२१. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गणपती पेठेतली दुकानं, हळदीची गोदामं, सगळं एका आठवड्यात. अशा वेळी खऱ्या नुकसानीत थोडं खोटंही मिसळलं जातं: आधीच खराब झालेला माल पुरात गेला म्हणून दाखवायचा, नाहीतर एकच माल मालकाच्या पॉलिसीत आणि गोदामाच्या पॉलिसीत, दोन्हीकडे धरायचा. पुराचा एक प्रसंग पुढे सांगणार आहे, कारण तिथे चूक माझी होती.

जीवन विम्याचं एकच सांगतो. मरणासन्न माणसाच्या नावे पॉलिसी काढणं, किंवा जिवंत माणसाचा मृत्यू दाखला मिळवणं, हे कंपनीच्या आधी गावाला माहीत असतं. ग्रामपंचायत आणि आशाताई यांच्याशी चांगले संबंध ठेवा.

पायरी ३ : काय विचारायचं, काय सांगायचं नाही

गट टिकेल की मोडेल ते या पायरीवर ठरतं.

वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. गुन्हा रोखण्यासाठी आणि उघड करण्यासाठी माहिती वापरायला त्यात वाट आहे. पण ती वाट म्हणजे कुणाच्याही आजाराची यादी ग्रुपवर टाकायची मुभा नव्हे. म्हणून पद्धत प्रश्नोत्तराची ठेवा. यादी वाटू नका, नेमका प्रश्न विचारा.

प्रश्न असा असतो: 'अमुक चेसिस नंबरच्या वाहनावर गेल्या तीन वर्षांत आपल्याकडे ओन डॅमेजचा (गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा) क्लेम झाला आहे का?' उत्तर पहिल्या फेरीत फक्त 'आहे' किंवा 'नाही'. 'आहे' आलं तर पुढचा पत्रव्यवहार दोन्ही कंपन्यांच्या फसवणूक विभागांत, लेखी, फाइल क्रमांकासह. शाखेतला माणूस तिथे बाजूला होतो.

ओळखीसाठी नाव वापरू नका. एकाच नावाची माणसं वाळवा तालुक्यात गावागावांत सापडतील. वाहनासाठी चेसिस आणि इंजिन नंबर, रुग्णालयासाठी रोहिणी या विमा क्षेत्रातल्या रुग्णालयांच्या नोंदवहीतला क्रमांक, शेतीसाठी गट नंबर आणि शेतकरी ओळख क्रमांक, बिलासाठी जीएसटी क्रमांक आणि बिल क्रमांक. आजाराचं निदान, तपासणीचे रिपोर्ट, कुटुंबाची माहिती पहिल्या फेरीत कधीही जाणार नाही.

प्रत्येक प्रकरणाला तीनपैकी एकच शिक्का असावा: संशय, तपास सुरू, सिद्ध. बैठकीत नाव घेऊन चर्चा फक्त तिसऱ्याची. पहिल्या दोन प्रकारांत पद्धत सांगा, माणूस नको. 'एका रुग्णालयाच्या औषध बिलांवर सलग क्रमांक येत आहेत, आपल्या फायली पाहा' एवढं पुरतं. गावात नाव फुटलं की ते परत घेता येत नाही, आणि अब्रूनुकसानीचा दावा झाला तर कंपनी तुमच्या मागे उभी राहील याची खात्री धरू नका.

सिद्ध झालेलं प्रकरण जिल्ह्यापुरतं ठेवू नका. हैदराबादला २००९ पासून विमा माहिती ब्युरो आहे. एजंट, रुग्णालय, पुरवठादार यांच्याविषयीची सावधगिरीची माहिती सर्व कंपन्यांना तिथून मिळावी, यासाठी कंपन्यांनी ब्युरोच्या व्यवस्थेत सहभागी व्हावं असं नव्या तत्त्वांत आहे. तुमच्या फसवणूक विभागानं ती नोंद केली का, हे पुढच्या बैठकीत विचारा. सांगलीत बंद झालेलं दुकान सोलापुरात उघडतं.

पायरी ४ : तीन घड्याळं लावा

तपासाचे शंभर मुद्दे छापील मिळतात. माझ्या कामात सर्वांत उपयोगी पडली ती वेळांची तुलना. कागद बनवणारा मजकूर नीट जुळवतो, वेळा जुळवायला विसरतो.

रस्ते अपघातात तीन वेळा काढा: १०८ रुग्णवाहिकेला फोन आला ती, रुग्णालयाच्या एमएलसी (पोलिसांना कळवायच्या रुग्णांच्या) रजिस्टरमधली, आणि एफआयआरमधली. १०८ च्या नोंदीत 'अज्ञात वाहन' असेल आणि पाच आठवड्यांनी फिर्यादीत दुचाकीचा नंबर आला असेल, तर तो नंबर कुणी दिला आणि का एवढ्या उशिरा, हा पहिला प्रश्न. चारचाकी असेल तर फास्टॅगची नोंद मागा. अपघाताच्या वेळी गाडी पेठ नाक्याजवळ होती म्हणतात आणि त्याच वेळी ती कऱ्हाडजवळच्या तासवडे टोलवर दिसते, असं झालं तर बाकीचं फार काही शोधावं लागत नाही. एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत अपघात भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. विमा कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्यानं पहिल्याच अहवालानंतर जागेवर जावं, तीन महिन्यांनी नाही.

रुग्णालयात नर्सिंग चार्ट, औषध बिल आणि दाखल रजिस्टर यांच्या वेळा लावा. रात्री दोनला इंजेक्शन दिल्याची नोंद आहे, पण ते इंजेक्शन औषध दुकानातून दुसऱ्या दिवशी दुपारी निघालं. किंवा नोंदणीनुसार रुग्णालयात १५ खाटा आणि त्या रात्री पाच कंपन्यांचे मिळून २३ रुग्ण दाखल. हा शेवटचा हिशेब एकट्या कंपनीला मांडताच येत नाही. तिला आपले चारच रुग्ण दिसतात. 'अमुक तारखेला अमुक रोहिणी क्रमांकावर तुमचे किती दाखल?' एवढा आकडा सगळ्यांनी दिला तर एकाही रुग्णाचं नाव न सांगता उत्तर मिळतं. गटानं दर महिन्याला एवढी एक गोष्ट केली तरी त्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

गाड्यांसाठी चेपलेल्या भागाचे जुने फोटो शोधण्यापेक्षा सोपा नियम करा. दुरुस्तीचे पैसे रोख तडजोडीनं, म्हणजे गाडी दुरुस्त होण्याची वाट न पाहता, दिले असतील तर ती नोंद चेसिस नंबरासह ठेवा आणि कंपनी बदलून आलेल्या गाडीच्या पहिल्या क्लेमला ती विचारा. माझ्या पांढऱ्या मोटारीचा निकाल यातच लागला असता.

पायरी ५ : पोलिसांकडे कच्चं घेऊन जाऊ नका

आर्थिक गुन्हे शाखेच्या अधिकाऱ्याला तिमाहीतून एकदा बोलवा. तो गटाचा सदस्य नसावा, पाहुणा असावा. तक्रार देणारी कंपनी असते, गट नव्हे.

फिर्याद तीन पानांत बसवा. पहिल्या पानावर घटनाक्रम तारखांसह. दुसऱ्यावर कोणता कागद खोटा आणि तो खोटा असल्याचं कशावरून. तिसऱ्यावर रक्कम, बँक खातं, साक्षीदार. भारतीय न्याय संहितेतली कलमं साधारण अशी येतात: फसवणुकीला ३१८, तोतयेगिरीला ३१९, बनावट दस्तऐवजाला ३३६ आणि तो वापरायला ३४०, कटाला ६१. एजंटानं ग्राहकाचा हप्ता गिळला असेल तर विश्वासघाताचं ३१६. कलम कोणतं लावायचं ते शेवटी पोलिस ठरवतात. तुम्ही वस्तुस्थिती स्वच्छ मांडा.

व्हॉट्सॲप संदेश, सीसीटीव्ही, ईमेल जोडायचे असतील तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र पहिल्याच दिवशी करून घ्या. दोन वर्षांनी तो मोबाइल कुणाकडे नसतो. ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलिस अधीक्षकांकडे लेखी पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

कंपनी आणि पोलिस वेळेवर बोलले तर काय होतं त्याचं ठळक उदाहरण आपल्याच राज्यातलं. २०२१ मध्ये अकोले तालुक्यातल्या राजूर इथे सर्पदंशानं मृत्यू झाल्याचं दाखवून अमेरिकेतल्या सुमारे ३७ कोटींच्या विम्यावर क्लेम झाला. त्या कंपनीला त्याच माणसानं आधी पत्नीच्या मृत्यूचा खोटा क्लेम केल्याचं माहीत होतं. तिनं तपासनीस पाठवले, ते अहमदनगर पोलिसांना भेटले, आणि विमेदार जिवंत असल्याचं निघालं. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याच्या जागी एका निराधार माणसाला नागाचा दंश घडवून मारलं होतं. एका जुन्या नोंदीमुळे एका खुनाला वाचा फुटली.

जीवन विम्यात वेळेचं भान आणखी एका कारणानं हवं. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाली की कोणत्याही कारणानं, अगदी फसवणुकीच्या कारणानंही, ती वादात आणता येत नाही. आरोग्य विम्यात ६० महिन्यांनंतर सिद्ध फसवणूक सोडून लपवाछपवीचा मुद्दा काढता येत नाही. त्यामुळे छाननी प्रस्तावाच्या वेळी आणि पहिल्या तीन वर्षांत व्हायला हवी. दहा वर्षं हप्ते भरलेल्या विधवेच्या दारात चौकशी नेऊ नका.

पायरी ६ : एजंटाला हातात काहीतरी द्या

ग्राहकाची फसवणूकही याच गटाचा विषय आहे. निवृत्त शिक्षकांना फोन येतो: 'नियामकाकडून बोलतोय, तुमच्या बंद पॉलिसीचा बोनस अडकलाय, फाइल चार्ज भरा.' नियामक कुणालाही पॉलिसी विकत नाही आणि बोनस वाटत नाही. एजंटांनी दर भेटीत चार गोष्टी सांगाव्यात. कंपन्यांचे अधिकृत फोन १६०० पासून सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून यावेत अशी व्यवस्था केली आहे. पैसे गेले तर लगेच १९३० वर कळवा, पहिले काही तास मोलाचे. नवी पॉलिसी पटली नाही तर कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. आणि हप्ता कंपनीच्या खात्यावरच, कुणाच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर नाही. हा मजकूर छापलेलं कार्ड सर्व कंपन्यांनी एकत्र काढावं, कुणाच्याही लोगोशिवाय.

पायरी ७ : खऱ्या क्लेमची वाट मोकळी ठेवा

आता पुराचा प्रसंग. २०१९ च्या पुरानंतर गणपती पेठेतल्या एका व्यापाऱ्याचं स्टॉक रजिस्टर माझ्यापुढे आलं. पूर्ण वर्षाच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातानं, एकही खाडाखोड नाही. मी अहवालात लिहिलं, 'रजिस्टर नंतर तयार केलेलं दिसतं.' क्लेम अडकला, चार महिने. ते रजिस्टर खरंच नंतर लिहिलेलं होतं. मूळ वही पाण्यात गेली होती आणि त्यानं जीएसटी विवरणांवरून पुन्हा लिहून काढली होती. हे त्यानं मला सांगितलंही होतं. मला ते सबबीसारखं वाटलं.

तो सुटला तो दुसऱ्या कंपनीच्या कागदामुळे. त्याला माल पाठवणाऱ्या पेढीची वाहतूक पॉलिसी वेगळ्या कंपनीकडे होती आणि पुराच्या आठ दिवस आधी तो माल सांगलीत उतरल्याची नोंद तिथे होती. ती नोंद पहिल्या आठवड्यात विचारली असती तर त्या माणसाची दिवाळी बंद शटरमागे गेली नसती.

म्हणून गटात येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला जोड-प्रश्न असलाच पाहिजे: 'हा क्लेम खरा ठरवणारं काही आपल्याकडे आहे का?' आणि तपास चालू असला तरी मुदती थांबत नाहीत. कॅशलेसची परवानगी १ तासात, डिस्चार्जची ३ तासांत. मृत्यूचा क्लेम तपास लागत नसेल तर १५ दिवसांत, लागत असेल तर ४५ दिवसांत. गाडीला सर्वेयर २४ तासांत नेमायचा. ज्याचा क्लेम तपासात आहे त्याला तसं लेखी कळवा. सोबत हेही सांगा की कंपनीनं ऐकलं नाही तर १५५२५५ वर बीमा भरोसा या नियामकाच्या तक्रार व्यवस्थेकडे तक्रार होते, आणि ५० लाखांपर्यंतच्या वादासाठी पुण्याच्या विमा लोकपालांकडे फी न देता जाता येतं.

संशय खोटा निघाला तर तीन कामं त्याच आठवड्यात करायची. ज्या ज्या कंपनीला प्रश्न गेला होता तिला 'संशय मागे' असं लेखी पाठवून पोच घ्यायची. आपल्या नोंदीतला शिक्का काढून त्याची तारीख टाकायची. आणि त्या माणसाला पत्र द्यायचं, सहीचं, कंपनीच्या लेटरहेडवर, ज्यात उशीर का झाला ते साध्या मराठीत लिहिलेलं असेल. गणपती पेठेतल्या त्या व्यापाऱ्याला असं पत्र कुणी दिलं नाही. मी स्वतः दुकानात गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, आणि ड्रॉवरमधून ती भिजून चिकटलेली मूळ वही काढून माझ्यासमोर ठेवली. ती त्यानं फेकली नव्हती.